हातानं घडवलेली कपबशी: घाट, पोत आणि झिलई यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी चाकावर कपबश्या घडवते. प्रदर्शनात टेबलामागे उभी असते तेव्हा लोक कप उचलतात, समोरून बघतात, किंमत बघतात आणि ठेवून देतात. कप उलटा करून बघणारे थोडे. रिकामा कप ओठाशी नेऊन बघणारे त्याहून थोडे, आणि ज्यांना तसं करावंसं वाटतं त्यांना संकोच वाटतो. संकोच नको. जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात त्यांची उत्तरं इथे सविस्तर लिहिली आहेत.

कपबशी बघायला सुरुवात कुठून करायची?

हातापासून. डोळ्यांना रंग आधी दिसतो आणि रंग आवडला की बाकी सगळं माफ होऊन जातं. म्हणून कप उचला आणि क्षणभर डोळे मिटा. कप दिसत होता त्यापेक्षा जड लागला का? तसं असेल तर बहुतेक वेळा बुडाशी माती जास्त राहिलेली असते. चाकावर नवशिक्याची भिंत वर पातळ आणि खाली जाड होते, आणि ते वजन हाताला लगेच कळतं. उलटही होतं. अंगानं भक्कम दिसणारा कप कागदासारखा हलका लागला तर हात बिचकतो. चांगल्या कपाचं वजन डोळ्यांनी केलेल्या अंदाजाला धरून असतं.

शक्य असेल तर कपात पाणी घालून मागा. रिकामा कप आणि भरलेला कप या दोन वेगळ्या वस्तू आहेत. भरल्यावर कप कानाच्या विरुद्ध बाजूला कलायला लागला, मनगटावर ताण आला, तर रोजच्या वापरात तो मागे पडतो.

आणि टिचकी मारा. बाजारात मडकं आपण वाजवूनच घेतो ना? तसंच. कप बोटांवर अलगद तोलून काठावर टिचकी मारली तर चांगला भाजलेला कप स्वच्छ वाजतो. बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे किंवा माती कमी भाजली गेली आहे.

घाट म्हणजे नेमकं काय? आकार आणि घाट एकच ना?

आकार शब्दांत सांगता येतो: उभा, गोल, पसरट. बुडापासून काठापर्यंत जी रेषा जाते ती कशी गेली, कुठे फुगली, कुठे आवरली, कुठे थांबली, हा झाला घाट. दोन कप सारख्याच आकाराचे असतात आणि एकाला घाट असतो, दुसऱ्याला नसतो. ‘काय सुरेख घाटाची कळशी आहे’ असं आपल्या आज्या म्हणायच्या, तेव्हा त्यांना हीच रेषा दिसत असे.

कप डोळ्यांच्या पातळीवर धरून फक्त बाहेरची कड बघा. ती रेषा मध्येच अडखळते का? पोट जिथे सर्वांत फुगीर आहे ती जागा ठरवून केल्यासारखी वाटते, की माती तिथे बसकन मारून बसली असं वाटतं? मग आत बघा. बाहेरची रेषा आणि आतली रेषा एकमेकींच्या सोबत चालायला हव्यात. बाहेरून सुंदर गोलाई आणि आत बुडाशी चौकोनी कोपरा असेल तर तिथे साखर अडकते, चमचा अडकतो, धुताना बोट पोचत नाही.

घाटाचा चहावर परिणाम होतो, हेही खरं. पसरट तोंडाच्या कपातला चहा लवकर निवतो. उभट, जरा आत वळलेल्या कपात तो जास्त वेळ गरम राहतो आणि वास नाकाशी येतो. आपल्या दुधाच्या चहाला मला उभट, किंचित पोटाचा कप आवडतो. बिनदुधाच्या चहासाठी पसरट.

काठाकडे एवढं लक्ष कशाला द्यायचं?

कारण चव कळण्याआधी ओठाला काठ लागतो. बोट काठावरून पूर्ण गोल फिरवा. कुठे खरखर, कुठे टोचरा कण, कुठे झिलईची, म्हणजे भाजून काच झालेल्या लेपाची, गाठ असेल तर तिथेच कळेल. धारदार काठ नाजूक दिसतो, पण लवकर टवका उडतो. फार जाड काठातून चहा सरळ येत नाही, ओठाच्या कोपऱ्यांतून सुटतो. मला बाहेरून जवळजवळ सरळ आणि आतून हलकेच उतरता काठ सर्वांत पटतो. त्यावरून चहा जिभेवर नेमका येतो.

काठ बघण्याचं आणखी एक कारण म्हणजे झिलई तिथे पातळ होते. वितळलेली झिलई कडेवर टिकत नाही, ती खाली सरकते. झिलईत लोह असेल तर काठावर ती तांबूस किंवा मधासारखी दिसते आणि पोटावर गडद राहते. ही तांबूस कड रंगवलेली नसते. भट्टीत झिलई किती वाहिली याची ती खूण असते.

चांगला कान कसा ओळखायचा?

मराठीत आपण कपाला कान म्हणतो, आणि तो शब्द मला फार योग्य वाटतो. कान अंगातूनच उगवल्यासारखा दिसायला हवा, चिकटवल्यासारखा नको.

कान घडवायची जुनी रीत म्हणजे तो ओढून काढणं. गाजराएवढा मातीचा गोळा एका हातात उंच धरायचा, दुसरा हात पाण्यात बुडवायचा आणि गाईची धार काढावी तसा वरून खाली ओढत न्यायचा. दहा-पंधरा वेळा ओढल्यावर मातीची एक पट्टी लोंबू लागते, वर जाड, खाली निमुळती. ती तोडून, कप चामड्याइतका घट्ट झाला असताना, ओरखडे पाडून आणि पातळ माती लावून जोडायची. अशा कानाचा छेद सगळीकडे सारखा नसतो. वरच्या जोडाशी तो भरदार असतो, वळणावर हलका होतो, खाली परत कपात मिसळतो. बोट आत घाला, ही हालचाल जाणवेल.

माझ्या रोजच्या कपाचं सांगते. त्याच्या कानाच्या खालच्या जोडावर माझ्या अंगठ्याचा ठसा आहे. जोडताना दाबला होता, तो पुसला नाही. त्या खळग्यात झिलई साचली आणि बाकी कप राखाडी असताना तेवढाच ठिपका निळसर हिरवा झाला. पाच वर्षं सकाळी अंगठा आपोआप त्याच्या आसपास जातो.

तपासायचं काय, तर बोटाचं पेर कपाच्या गरम भिंतीला टेकतं का, हे आधी. टेकत असेल तर तो कप उकळत्या चहाचा नाही. मग वरचा जोड बघा. अगदी काठाला चिकटून जोडलेला कान वाळताना काठाला ओढतो आणि कपाचं तोंड लंबगोल होतं, म्हणून तो जरा खाली असलेला बरा. शेवटी कान आणि कप यांच्यामधली पोकळी बघा. त्या रिकाम्या जागेलाही घाट असतो. ती पोकळी चिंबलेली दिसली की सगळा कप ओशाळल्यासारखा दिसतो.

जोडापाशी केसासारखी चीर दिसली तर घेऊ नका. कान आणि कप यांचा ओलावा वेगवेगळा असला की वाळताना ती पडते. आमच्याकडे मे महिन्यात हे फार होतं. एकदा रात्री पंखा चालू राहिला आणि सकाळी फळीवरच्या अर्ध्याहून अधिक कपांच्या कानांना चिरा गेल्या होत्या. ते सगळे कप परत मातीत गेले. तेव्हापासून मी जोडलेले कान प्लास्टिकखाली दोन दिवस झाकून ठेवते.

बिनकानाचे कप चालतात का?

चालतात, आणि इतिहासात तेच आधी आले. चीनमध्ये चहा कान नसलेल्या छोट्या वाडग्यातून प्यायला जाई. सतराव्या-अठराव्या शतकात ते वाडगे चहासोबत युरोपात गेले. १७१० मध्ये जर्मनीतल्या माइसेन इथे पोर्सेलीनचा कारखाना सुरू झाला आणि पुढे युरोपीय कपाला हळूहळू कान रूढ झाला. जपानमध्ये रोजच्या चहाचा उभा कप आजही बिनकानाचाच असतो. दोन्ही हातांनी धरायचा, हाताला सोसेल इतकाच गरम चहा ओतायचा.

महाराष्ट्रात मात्र कान नसलेल्या कपाला एक जखम चिकटलेली आहे. कान तुटलेली कपबशी वेगळी ठेवायची आणि ती दलितांना, घरकामाला येणाऱ्या बाईला द्यायची, हे अनेक घरांत आणि चहाच्या दुकानांत उघड चालत आलं आहे. मला एकदा एका वयस्क बाईंनी प्रदर्शनात सांगितलं, ‘छान आहे हो तुमचा कप, पण मला बिनकानाच्या कपात चहा नको.’ मी पुढे काही विचारलं नाही. तेव्हापासून पाहुण्यांसाठी मी कानाचे कप काढते आणि बिनकानाचा कप ज्याला हवा त्यानं स्वतः उचलावा म्हणून शेजारी ठेवते.

बशीत बघण्यासारखं काय असतं?

खूप. आणि या बाबतीत मी थोडी हट्टी आहे. हल्ली अनेक स्टुडिओंमध्ये बशी म्हणजे एक छोटी सपाट ताटली करतात, कप तिच्यावर ठेवतात आणि जोडी म्हणून विकतात. दिसायला सुंदर, पण तिच्यात चहा ओतून बघा. मनगटापर्यंत ओघळ येतो.

आपल्याकडे बशी ही प्यायची वस्तू आहे. माझे आजोबा अर्धा चहा बशीत ओतायचे, एक फुंकर घालायचे आणि फुर्र करून प्यायचे. पसरट, उथळ थरात चहा झटकन निवतो, म्हणून घाईच्या माणसाला बशी सोयीची. इंग्लंडमध्येही अठराव्या शतकात लोक बशीतून चहा पीत, पुढे तिथे ते असभ्य मानलं जाऊ लागलं. आपण सोडलं नाही, हे बरं केलं. इराण्याच्या हॉटेलातला तो जाड पांढरा कप आठवा. त्याच्या बशीला खोली असते आणि काठ गोल असतो, कारण तिला ओठ लागणार हे घडवणाऱ्याला ठाऊक होतं. हॉटेलच्या साध्या कपबशीकडून मी घाटाबद्दल बरंच शिकले आहे.

म्हणून बशी बघताना पहिला प्रश्न असा, की ही दोन्ही हातांच्या बोटांवर तोलून ओठाशी नेता येईल का? काठ कपाच्या काठाइतकाच मऊ आहे का? माझ्या बशीत निदान अर्धा कप चहा मावतो. तसं नसेल तर मी ती पुन्हा करते.

दुसरं, मधली खाच. कपाच्या बुडाची कडी त्या खाचेत अलगद बसायला हवी, दोन-तीन मिलिमीटर मोकळी. खाच फार मोठी असेल तर चालताना कप सरकतो आणि खडखड होते. अगदी घट्ट असेल तर बशीत सांडलेला चहा बुडाला चिकटून बसतो, कप उचलताना बशीही उचलली जाते आणि मग सुटून पडते. खाचेबाहेर चमचा ठेवायला जागा हवी.

तिसरं, दोघांची रेषा. कप बशीत ठेवून लांबून बघा. कपाच्या बुडाशी जी रेषा संपते ती बशीत पुढे चालू राहते का? काही जोड्यांत ती थेट वाहते, काहींत मुद्दाम तुटते. दोन्ही चालतं. फक्त दोघांनी एकमेकांची दखल घेतलेली दिसली पाहिजे.

बशी घडवायला कपापेक्षा अवघड. चाकावर सपाट पसरलेल्या मातीचा मधला भाग नीट दाबून घेतला नाही तर वाळताना बरोबर मध्यावर नागमोडी चीर पडते. काठ आधी वाळला तर तो वर उचलला जातो. आणि १२४० अंशांच्या आसपास पातळ काठ भट्टीत स्वतःच्या वजनानं वाकतो. बशी टेबलावर ठेवून कडेला बोटानं दाबून बघा, डुगडुगली तर वाकलेली आहे.

कप उलटा करून काय दिसतं?

घडवणाऱ्याचा प्रामाणिकपणा. बुडाखालच्या कडीवर झिलई नसते, कारण तिथे झिलई असती तर वितळून भट्टीच्या फळीला चिकटली असती. त्यामुळे कपाची खरी माती फक्त तिथे उघडी दिसते: पांढरी, पिवळसर, तांबूस, कधी लोहाचे काळे ठिपके असलेली. कडी हातानं तासलेली असेल तर हत्याराच्या बारीक वर्तुळाकार रेषा दिसतात. ती घासून गुळगुळीत केली आहे का ते बोटानं बघा. नसेल तर लाकडी टेबलावर ओरखडे पडतील.

घडवणाऱ्याचा शिक्काही इथेच असतो. काही कपांवर बुडापाशी झिलईत तीन-चार बोटांचे ठसे दिसतात. कप झिलईत बुडवताना जिथे धरला, ती जागा.

झिलई म्हणजे रंग ना?

झिलई म्हणजे काच. आम्ही कामात ग्लेझ म्हणतो. वाळूतली सिलिका, ती पातळ होऊन वाहून जाऊ नये म्हणून अॅल्युमिना, आणि ती कमी तापमानाला वितळावी म्हणून चुना, सोडा, पोटॅश किंवा लाकडाची राख. ही भुकटी पाण्यात कालवायची आणि एकदा भाजलेला कप तिच्यात बुडवायचा. सच्छिद्र माती पाणी शोषते, भुकटीचा थर वर राहतो. दुसऱ्या भाजणीत त्याची काच होते.

रंग येतो तो धातूंमुळे, तोही अगदी थोड्या प्रमाणात. कोबाल्ट अर्धा-एक टक्का असला तरी गडद निळा येतो. लोहाचं उदाहरण मला सर्वांत सुंदर वाटतं. एक-दोन टक्के लोह आणि भट्टीत हवा कमी असेल तर समुद्राच्या पाण्यासारखा निळसर हिरवा सेलाडॉन मिळतो. तेच लोह आठ-दहा टक्के झालं की काळा-तपकिरी टेनमोकू. आणि तांबं तर भट्टीतल्या हवेवर पूर्ण रंग पालटतं: हवा भरपूर असेल तर हिरवं, हवा कोंडली तर लाल. म्हणून एकाच झिलईचे दोन कप भट्टीत वेगळ्या जागी ठेवले तर वेगळे निघतात. यात निष्काळजीपणा नसतो, भट्टीच्या वरच्या आणि खालच्या भागात आग वेगळी असते.

आतल्या रंगाचाही विचार करा. पांढऱ्या किंवा फिक्या पिवळसर आतल्या बाजूत दुधाचा चहा खुलतो. निळसर हिरव्या कपात तोच चहा मला करडा, मलूल दिसतो. हिरवा चहा मात्र त्यात सुंदर दिसतो.

चकचकीत चांगली की मॅट?

बाहेरून दोन्ही चांगल्या. मॅट झिलई बोटांना रेशमी किंवा दगडासारखी लागते, प्रकाश तिच्यावरून परावर्तित न होता मुरतो, त्यामुळे घाट स्पष्ट दिसतो. चकचकीत झिलईवर खिडकीचं प्रतिबिंब आधी दिसतं. आत मात्र चकचकीतच घ्यावी असं माझं मत आहे. खूप कोरड्या मॅट झिलईवर स्टीलचा चमचा फिरला की अंगावर काटा येतो, शिवाय धातूच्या करड्या रेघा उमटतात आणि चहाचे डाग बसतात.

पृष्ठभागाच्या आणखी काही खुणा वाचायला शिका. चाकावर बोटांनी माती वर नेताना पडलेल्या वळ्या. पातळ मातीचा हात फिरवलेला पट्टा. मीठ टाकून भाजलेल्या भांड्यावरची संत्र्याच्या सालीसारखी खवल, जी जर्मनीत ऱ्हाइनच्या काठच्या कुंभारांची ओळख होती. भट्टी तापलेली असताना आत मीठ टाकतात, त्याची वाफ मातीतल्या सिलिकाशी संयोग पावते आणि भांड्यावर थेट काच तयार होते. लाकडाच्या भट्टीत तर उडालेली राखच भांड्यावर बसून वितळते. ज्या बाजूनं आग आली ती बाजू तुम्हाला कपावर दाखवता येते.

कपावर बारीक जाळी पडली आहे. कप खराब झाला का?

झिलई निवताना मातीपेक्षा जास्त आकसली की ती ताणली जाते आणि बारीक तडे जातात. भट्टी उघडल्यावर कप तासन्तास टिंग टिंग वाजत राहतात, तो याच तड्यांचा आवाज. चीनमध्ये सोंग राजवटीच्या काळातल्या, ग्वान नावाच्या भांड्यांवर ही जाळी मुद्दाम आणली जाई. तिच्यात चहा मुरून ती गडद होते, आणि काहींना तेच आवडतं.

पण एक फरक लक्षात ठेवा. माती स्टोनवेअरची, म्हणजे १२०० अंशांच्या वर भाजून दगडासारखी घट्ट झालेली असेल, तर जाळी हा मुख्यतः दिसण्याचा प्रश्न आहे. माती कमी तापमानाला भाजलेली, सच्छिद्र असेल, तर तड्यांतून चहा आत मुरतो, वास धरतो. रात्री कपात पाणी भरून कागदावर ठेवा. सकाळी कागद ओला झाला असेल तर त्यात चहा पिऊ नका.

एखादी कपबशी उलगडून सांगाल का?

ल्युसी री या कुंभार-कलावंत बाईंची सांगते, कारण त्यांच्या कपबश्यांसमोर मी सर्वांत जास्त वेळ घालवला आहे.

त्यांचा जन्म १९०२ चा, व्हिएन्नातला. ज्यू असल्यानं १९३८ मध्ये त्यांना देश सोडावा लागला. लंडनमध्ये हाइड पार्कजवळच्या एका गल्लीत त्यांनी छोटा स्टुडिओ थाटला आणि अखेरपर्यंत, म्हणजे १९९५ पर्यंत, तिथेच राहिल्या. युद्धाच्या काळात त्यांनी कपड्यांसाठी मातीची बटणं करून पोट भरलं. १९४६ मध्ये हान्स कोपर नावाचा जर्मनीतून आलेला तरुण निर्वासित मदतनीस म्हणून आला. त्याला कुंभारकाम येत नव्हतं. काही काळातच दोघं बरोबरीनं काम करू लागले, आणि १९५० च्या दशकातल्या त्यांच्या कपबश्यांच्या बुडावर दोघांचेही शिक्के दिसतात.

त्यांतला एक कप घ्या. तो बाहेरून मँगनीज धातूमुळे गडद तपकिरी, जवळजवळ काळा, आणि मॅट. आत पांढरा. बाहेरच्या गडद थरातून सुईनं बारीक उभ्या रेषा कोरलेल्या, त्यांतून खालची फिकी माती दिसते. इंग्लंडमधल्या एव्हबरीच्या संग्रहालयात त्यांनी प्रागैतिहासिक भांड्यांवरचं कोरीव काम पाहिलं आणि तिथून त्या या रेषांकडे वळल्या. रेषा मोजून-मापून आखलेल्या नाहीत. हात जसा वरून खाली आला तशा त्या जवळ येतात, लांब जातात. आता त्या कपाच्या घाटाशी जोडून बघा. कप बुडाशी आवळलेला आणि वर उमलणारा आहे. रेषाही खाली दाटतात, वर मोकळ्या होतात. घाट आणि पोत एकच गोष्ट सांगत आहेत, म्हणून त्या नक्षीला चिकटवलेपण नाही.

त्यांच्या कामाची रीतही वेगळी होती. बहुतेक स्टुडिओंत कप दोनदा भाजतात. त्या कच्च्या, वाळलेल्या भांड्यावरच कुंचल्यानं झिलई लावत आणि विजेच्या भट्टीत एकदाच भाजत. कच्ची माती आणि झिलई एकत्र पिकल्यामुळे दोन्हींतली सीमा पुसट होते. काही पांढऱ्या कपांच्या काठाला मँगनीजचा पट्टा आहे. तो भाजताना खाली पांढऱ्यात पाझरला आहे, ओल्या कागदावर शाई पसरावी तसा. काठाकडे डोळा आपोआप जातो, आणि ओठही तिथेच लागणार असतो.

लंडनला गेलात तर व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्यांचा स्टुडिओ पुन्हा उभारून ठेवला आहे. किती छोट्या जागेत हे सगळं घडलं ते बघून या.

ओबडधोबड असेल तरच हाताचं, असं असतं का?

नाही. जपानमध्ये सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू या चहागुरूंच्या प्रभावाखाली चोजिरोनं क्योटोमध्ये राकू वाडगे घडवले. हातानं चिमटून, चाकाशिवाय, थोडे वाकडे. ते शांत आहेत, ढिसाळ नाहीत. क्योटोच्या दाइतोकुजी मठात असलेला किझाएमोन वाडगा जपानची राष्ट्रीय ठेव मानला जातो. तो मूळचा कोरियातला साधा वाडगा, रोजच्या वापरासाठी केलेला. त्याचा खडबडीतपणा कोणी ठरवून आणला नव्हता. आज मुद्दाम वाकवलेला काठ आणि मुद्दाम ठेवलेले बोटांचे ठसे बघितले की मला अस्वस्थ व्हायला होतं. वेगानं, सरावानं काम करताना जी खूण राहते ती वेगळी दिसते. दहा कप ओळीनं बघा, कळेल.

खरे दोष मात्र दोषच: डुगडुगणारं बूड, आतल्या बाजूला टोचरी छिद्रं, झिलई गोळा होऊन उघडी पडलेली माती, कानाच्या जोडाची चीर.

साच्यातला कप कसा ओळखावा?

कानाच्या कडेनं बोट फिरवा. साच्याच्या दोन भागांची शिवण बहुधा तिथे लागते. सगळ्या कपांची उंची आणि वजन तंतोतंत सारखं असेल, कान आतून पोकळ असेल, तर साचा. आतल्या वळ्यांवर मात्र विसंबू नका, त्या साच्यातही उमटवता येतात. साच्यातला कप कमी दर्जाचा असतो असं नाही. पण ‘हातघडणीचा’ सांगून त्याची किंमत घेऊ नये.

आपल्याकडे अशा कामाची परंपरा आहे का?

कुंभारकामाची आहेच, पण ती प्रामुख्यानं झिलई नसलेल्या भांड्यांची. झिलईच्या कलाभांड्यांचं काम मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १८७० च्या दशकात जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली सिंधी कुंभारांच्या मदतीनं सुरू झालं. स्टुडिओ पॉटरीची, म्हणजे कलावंतानं स्वतःच्या स्टुडिओत घडवलेल्या भांड्यांची, आजची धारा जपानमध्ये शिकून आलेल्या सरदार गुरचरण सिंग यांच्यापासून आणि १९७१ मध्ये रे मीकर व डेबोरा स्मिथ यांनी पुदुच्चेरीत सुरू केलेल्या गोल्डन ब्रिज पॉटरीपासून पसरली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीच्या ग्रामोदय संघानं गावच्या कुंभारांना चिनी मातीचं काम शिकवलं. आणि झिलईच्या अभ्यासात निर्मला पटवर्धन यांचं नाव मी आदरानं घेते.

जयपूरची निळी भांडी चहाला नेऊ नका. त्यांचा मुख्य घटक गारगोटीची पूड असतो आणि ती कमी तापमानाला भाजतात. फुलदाणीला उत्तम.

शिसं असतं का?

कमी तापमानाच्या, फार झगझगीत झिलयांत असू शकतं. विचारा. घरी एक ढोबळ चाचणी करता येते. कपात व्हिनेगर रात्रभर ठेवा. सकाळी झिलईचा रंग किंवा चमक बदललेली दिसली तर झिलई कच्ची आहे, तो कप पेन्सिली ठेवायला घ्या. बदल दिसला नाही म्हणून शिसं नाहीच असं सिद्ध होत नाही, ते प्रयोगशाळेतच कळतं. शंका असलेल्या भांड्यात लिंबाचा चहा, सोलकढी, लोणचं ठेवू नका.

जोडीतली बशी फुटली. तशीच करून मिळेल का?

मिळते, पण फोटो पाठवू नका, कप घेऊन या. नव्या बशीची खाच तुमच्याच कपाच्या बुडाला बसायला हवी, आणि तिथे दोन मिलिमीटरनं बिघडतं. स्टोनवेअरची माती ओली असल्यापासून भाजेपर्यंत साधारण १२ टक्के आकसते. म्हणजे ८८ मिलिमीटरची बशी हवी असेल तर चाकावर १०० ची करावी लागते. एकीसाठी मी तीन करते, कारण एखादी वाळताना किंवा भट्टीत वाकतेच. रंग थोडा वेगळा येईल, कारण आग तीच राहत नाही. तीन-चार आठवडे धरा. पावसाळ्यात आणखी एखादा आठवडा, जूनपासून बशा लवकर वाळत नाहीत.